झालरवाली कार्डं

महामंडळाच्या सदर नावाच्या वस्तीतल्या कचेरीत कुठली मशीन कुठे आहे हे मोठ्या साहेबांना ठाऊक नसे, लेखा विभागाला नसे, आणि ज्याच्या टेबलावर ती मशीन असे त्यालाही पुष्कळदा नसे. ठाऊक असे ते एका सुईला. हातभर लांब, पोलादी, लाकडी मुठीची ती सुई दुसऱ्या मजल्यावरच्या यंत्र-नोंद शाखेत पुष्पलताच्या टेबलाच्या खणात असायची आणि खणाची किल्ली तिच्या कमरेला.

बाहेरच्या माणसाला हा प्रकार गारुड्याचा वाटे, म्हणून आधीच सांगून टाकलेला बरा. महामंडळाच्या मालकीच्या प्रत्येक यंत्राचं एक जाड कार्ड होतं, मग तो टाइपरायटर असो की हिशेबाची मशीन. कार्डावर शाईत लिहिलेला फक्त नंबर. बाकी सगळी कुंडली कडेच्या भोकांत. हे भोक टाइपरायटरचं, हे हिशेबाच्या मशीनचं, हे सदरचं, हे अमरावतीचं, हे पासष्ट सालच्या खरेदीचं, हे बिघडलेल्याचं. जे त्या मशीनला लागू, त्या भोकाची कड चिमट्यानं कापून टाकायची, म्हणजे भोक बाहेरून उघडं पडे. मग कपाटातून गठ्ठा काढायचा, हव्या त्या भोकातून सुई आरपार घालायची, उचलायची आणि झटकायची. उघड्या भोकाची कार्डं टपाटप खाली पडत, बाकीची सुईला लटकून राहत. पडली ती आपली, लटकली ती परत कपाटात. पडलेल्यांतून पुन्हा दुसऱ्या भोकात सुई. तांदूळ चाळावेत तसं चाळत गेलं की शेवटी हवी तेवढीच कार्डं हातात उरत.

“अमरावतीला बिघडलेले टाइपरायटर किती?” असा वरून फोन आला की पुष्पलता पुढ्यातला चहा निवायच्या आत उत्तर देई. या गोष्टीचा तिला गर्व होता, आणि का नसावा? तीन मजल्यांच्या त्या कचेरीत चहा निवायच्या आत होणारं दुसरं एकही काम नव्हतं.

खोट होती ती एकच. कपाटाच्या पहिल्या खणातल्या काही कार्डांच्या जवळजवळ सगळ्याच भोकांच्या कडा कापलेल्या होत्या. कड अगदी झालरीसारखी दिसे, म्हणून त्यांचं नावच झालरवाली. सुई कुठेही घाला, ही पडणारच. टाइपरायटर मागवा, ही हजर. चंद्रपूर मागवा, ही हजर. पुष्पलता नोकरीला लागली तेव्हा शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनानं सांगितलं होतं, की सुरुवातीला कुणाच्या तरी हातून खराब झालेली कार्डं आहेत, लक्ष देऊ नको. फेकली का नाहीत, तर त्यांच्यावर नंबर होते, आणि नंबर पडलेला कागद फेकायची हिंमत कचेरीतल्या माणसाला होत नाही. तो कारकून पुढं निवृत्त झाला, वारलाही. कार्डं राहिली. रोज ती पुष्पलताच्या पुढ्यात पडत, रोज ती त्यांना उचलून खणात ढकले. अमरावतीहून बदलून आलेले अधीक्षक महादेवराव तर सुई झटकल्याचा आवाज आला की मान वर न करताच म्हणत, “आले वाटते तुमचे पाहुणे!”

बिनबोलावता येणारा एक माणूस पुष्पलताच्या घरीही होऊन गेला होता. तिचा नवरा, गिरिधर.

त्याची रीतच उफराटी. जेवायला हाका मारून घसा कोरडा पडे तेव्हा यायचा नाही, आणि भाकरीचं पीठ मळायच्या आत, कुणी बोलावलं नसताना चुलीशी येऊन उभा. लग्नाआधीही तसंच. उमरेडला पुष्पलताच्या घरी पाहुणे म्हणून रीतसर बोलावलं त्या दिवशी महाशय आलेच नाहीत, सायकल पंक्चर झाली म्हणे; आणि पुढच्या आठवड्यात सूत विकत घ्यायचं निमित्त काढून दारात हजर. सूत घेतलं नाहीच. पुष्पलता तेव्हा अंगणात मागाच्या उभ्या ताण्याला खळ लावत होती, हात कोपरापर्यंत बरबटलेले. “मी आलो होतो सूत पाहाले,” असं तो तिच्या वडिलांना म्हणाला आणि सारा वेळ तिच्याकडे पाहत राहिला.

गिरिधरचं घर तांडापेठेत. पुढच्या खोलीत माग, मागं चूल, वर पोटमाळा. थोरला भाऊ शालिकराम मागावर बसला आणि धाकटा गिरिधर मॅट्रिक होऊन महामंडळात लागला. लेखा विभागाच्या मोठ्या हॉलमध्ये तो हिशेबाची मशीन चालवी. हिरव्या रंगाची, हातानं दांडा फिरवायची, दांडा फिरला की आतली चाकं करकर करत आकडे पुढं सरकवायची. अशा मशिनी रांगेनं मांडलेल्या. सगळे एकदम दांडे फिरवू लागले की खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे, वर जाती चालू आहेत.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी एकदा तो डबा विसरला आणि ती घेऊन गेली. घाबरत घाबरत जिना चढली. दुपारची सुटी, हॉल रिकामा. त्यानं तिला आपल्या खुर्चीवर बसवलं. बाईमाणसानं कचेरीतल्या खुर्चीवर बसायचं म्हणजे काय! ती अंग चोरून बसली.

“ही याच साली आली,” तो मशीनवर हात ठेवून म्हणाला. “तू आली तवाच. दोघी पासष्टच्या.”

“मले मशीनसंग मोजता का?”

“पाय तं खरी. काहीच नाही, सारे शून्य. आता या शून्यातून एक वजा करतो.” त्यानं दांडा उलटा फिरवला. खिडकीतले सगळे शून्य सरसर पलटून नऊ नऊ नऊ झाले आणि मशीनमधली घंटी ठणकन वाजली. ती दचकून उठलीच. तो पोट धरधरून हसला.

“घंटी काहून वाजली?”

“नसलेल्यातून कमी केलं का ते ओरडते,” तो म्हणाला. मग तिचा हात धरून त्यानं दांड्यावर ठेवला. दांड्याची मूठ घामानं सटकायची, म्हणून घरच्या मागावरचा लाल काठाचा धागा त्यानं तिच्यावर गच्च गुंडाळला होता आणि शेवटी विणकराची गाठ मारली होती. तो धागा तिच्या तळव्याला लागला. तिनं स्वतः दांडा उलटा फिरवला आणि घंटी पुन्हा वाजवली.

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात साहेबांनी त्याला मशीनवरून उठवून नव्या कामावर बसवलं. “मशीन सुटली वं हातची,” तो घरी येऊन म्हणाला. “आता कार्डं कापतो. कापायचा चिमटा अजून मुंबईहून आलाच नाही, तं घरची कात्रीच नेतो.” पावसाळ्यात कावीळ झाली आणि पोळ्याच्या आत सगळं आटोपलं. कचेरीतून त्याच्या वस्तू घरी आल्या: डबा, छत्री आणि मागावर सूत कापायची ती छोटी कात्री. कात्री सासू गोदूबाईंनी परत मागाच्या खांबाला अडकवली. पुढच्या वर्षी महामंडळानं पुष्पलताला त्याच्या जागी घेतलं. ती आली तेव्हा हॉलमधल्या मशिनी नव्या होत्या, विजेवर चालणाऱ्या. लाल धाग्याची ती हिरवी मशीन कुठल्या शाखेत गेली, कुणाला सांगता येईना. नव्या सुनेसारखी दबून बसणारी पुष्पलता तरी कुणाकुणाला विचारणार? आणि पुढं पुढं वाटू लागलं, असेल कुठंतरी. आपल्याच महामंडळात आहे, जाते कुठं?

असं म्हणता म्हणता पंच्याऐंशी साल उजाडलं आणि कचेरीत कॉम्प्युटर आला.

त्याच्यासाठी काचेची खोली झाली, खोलीला थंड हवा. माणसं एप्रिलच्या उन्हात भाजत होती आणि यंत्राला गारवा. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, असा नियम लागला. महादेवरावांनी उंबऱ्यावर नारळ फोडला आणि शिपायांनी बाहेरूनच हात जोडले. कॉम्प्युटरबरोबर पुण्याहून एक तरुण साहेब आले होते, वागायला सभ्य, बोलायला मऊ. त्यांनी सांगितलं की सगळी कार्डं आता यात भरायची, मग कपाटं रिकामी आणि कार्डं रद्दीत.

“आणि सुई?” पुष्पलतानं विचारलं.

साहेब हसले. “ती ठेवा तुम्ही आठवण म्हणून.”

ते चांगल्या मनानं म्हणाले होते, पण तिला ते लागलं.

त्याच आठवड्यात फळ्यावर सूचना लागली. साऱ्या विदर्भातल्या शाखांमधून जुन्या मशिनी वाडीच्या गोदामात जमा झाल्या होत्या. कुणा कर्मचाऱ्याला एखादी हवी असेल तर नंबर लिहून अर्ज द्यावा, फुकट मिळेल. मात्र ज्या मशिनींची नोंद कॉम्प्युटरमध्ये जुळणार नाही त्या बेवारस धरल्या जातील, आणि शनिवारी ट्रकमध्ये भरून वितळवायला भट्टीवर जातील.

पुष्पलतानं ती सूचना दोनदा वाचली. तिच्या डोळ्यांपुढं लाल धागा आला. ती टेबलाशी गेली, खण उघडला, सुई काढली. जन्मभर लोकांसाठी शोधलं, आता स्वतःसाठी शोधायचं होतं.

हिशेबाच्या मशीनच्या भोकात सुई. झटकली. पडलेल्यांतून सदरच्या हॉलच्या भोकात. पडलेल्यांतून हाताच्या दांड्याच्या. पडलेल्यांतून पासष्टच्या. शेवटी टेबलावर काय उरलं? नुसती झालरवाली. त्यांच्याशिवाय एकही कार्ड नाही.

“आले तुमचे पाहुणे,” महादेवराव म्हणाले.

“मेले, नको तवाच येतात!” ती चिडून म्हणाली आणि कार्डांना खणात ढकलून तिनं खण आपटला. पुन्हा पहिल्यापासून केलं. साल चौसष्ट धरून पाहिलं, सहासष्ट धरून पाहिलं. सदरऐवजी एकेक शाखा घेतली. मिळाल्या त्या मशिनी वर्ध्याच्या निघाल्या, भंडाऱ्याच्या निघाल्या, विजेच्या निघाल्या. तिची मिळाली नाही.

मग ती सिटीबस पकडून वाडीला गेली. अमरावती रस्त्यावर ट्रकच ट्रक, धूळ, टायरचा वास, आणि त्या सगळ्याच्या मागं महामंडळाचं पत्र्याचं गोदाम. गोदामाचे राखणदार देवाजी गिरिधरबरोबरच नोकरीला लागलेले. छप्पन साली दीक्षाभूमीवर बापाच्या शेजारी उभं राहून दीक्षा घेतली, हे ते कुणालाही पहिल्या भेटीतच सांगत. पुष्पलताला पाहताच त्यांनी स्टूल पुसून पुढं केलं.

“लाल धाग्याची मशीन?” ते म्हणाले. “मले आठवते ना. गिरिधर म्या हात लावला का रागावे. म्हणे, देवाजी, गाठ ढिली होते गा.”

“ते कुठं हाय, भाऊ?”

देवाजींनी आत बोट दाखवलं. छतापर्यंत लाकडी पेट्या रचलेल्या, खिळे ठोकून बंद, प्रत्येकीवर काळ्या रंगात नुसता नंबर. “याच्यातच असन. पण बाई, पेटी फोडाची तं नंबर पाहिजे. साऱ्या फोडतो म्हटलं तं माही नोकरी जाते, अन् पोरीचं लगन अजून कराचं हाय. तुम्ही नंबर सांगा, मी उभ्या उभ्या फोडून देतो.”

“नंबरच तं सापडून नाही राहिला.”

“तुमच्याजवळ सुई हाय ना? साऱ्या विदर्भातलं तुम्ही सापडवता म्हणते लोक.”

त्यांचा हेतू टोमण्याचा नव्हता, पण तिचा चेहरा उतरला. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून रडली. नवरा गेला तेव्हा रडायला सवड नव्हती, घर धरून ठेवायचं होतं. आता एका लोखंडी डब्यासाठी रडू येत होतं आणि त्याची लाज वाटत होती. पण त्या डब्यावर त्याच्या हातची गाठ होती. त्याच्या हातचं दुसरं काहीच जगात उरलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी डबा भरून ती निघाली, तर पुढच्या खोलीत शालिकराम माग जुळवत बसलेला. कितीतरी दिवसांनी रुंद काठाच्या लुगड्याचं काम आलं होतं. गोदूबाई भिंतीला टेकून देखरेख करत होत्या. वय झालं, तरी मागावरचं लेकाचं चुकलेलं त्यांना दुसऱ्या खोलीतून कळे.

“पुष्पे, जरा दोरा धर वं,” त्या म्हणाल्या. “याचा हात पुरून नाही राहिला.”

ती वाकली. शालिकरामनं पायाखालची पट्टी दाबली. काठाचे काही दोरे वर उचलले गेले, बाकीचे खाली राहिले. एक दोरा चुकीचा वाटला म्हणून ती खालच्या दोऱ्यांत बोट घालून पाहू लागली.

“खालचे काय पाहून राहिली?” गोदूबाई खेकसल्या. “उमरेडच्या कोष्ट्याची पोरगी ना तू? नोकरी करून करून सारं विसरली. वर उचललं ते पाय. नक्षी वर राहते. खाली पडलं ते नुसतं कापड.”

“विसरली नाही, आई. आमच्या कचेरीत उलटं राहते. पडलं ते कामाचं, वर राहिलं ते—”

ती थांबली. शालिकरामनं खांबाची छोटी कात्री काढून सुटा दोरा कचकन कापला. कापल्याजागी दोऱ्याचं टोक सरळ, तिरपं, स्वच्छ. चिमट्यानं कापलं की कड गोल निघते. झालरवाल्या कार्डांच्या कडा गोल नव्हत्या. इतकी वर्षं ती त्यांना हाताळत होती आणि एकदाही तिनं नीट पाहिलं नव्हतं की त्या कडा सरळ, तिरप्या, स्वच्छ आहेत.

“आई, यायनं कार्डं याच कात्रीनं कापले होते,” ती म्हणाली.

“कोणी?”

“तुमच्या लेकानं. अन् मागावर कापल्यासारखे कापले. वर राहिलं ते आपलं समजून.”

गोदूबाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी फक्त शालिकरामच्या हातातून कात्री घेतली आणि तिच्या हातात दिली. “मंग घेऊन जा ना,” त्या म्हणाल्या.

पुष्पलता जिना धावत चढली. पहिला खण उघडला. रिकामा.

“झालरवाली कुठं गेली?”

महादेवरावांनी काचेच्या खोलीकडे बोट केलं. दारापाशी रद्दीचं पोतं उभं होतं. तिनं चपला न काढता तिकडे धाव घेतली आणि भर वऱ्हांड्यात पोतं उलटं केलं. पुण्याचे साहेब बाहेर आले.

“बाई, ती रद्द केलीत मी,” ते मऊपणानं म्हणाले. “एकच मशीन टाइपरायटर पण आहे आणि प्रती काढायचं चक्रमुद्रण यंत्र पण, अमरावतीला पण आणि चंद्रपूरला पण, असं कसं असेल? कॉम्प्युटर घेत नाही ती.”

“खराब नाहीत साहेब. उलटी आहेत.” ती जमिनीवरच बसली आणि कार्डं गोळा करू लागली. “कापणारा विणकर होता. मागावर जे वर उचलतात ती नक्षी. त्यांनी जे लागू ते भोक शाबूत ठेवलं आणि बाकीची सगळी कापली. म्हणजे आपलं कार्ड वर राहावं. चिमटा यायच्या आधीची कार्डं आहेत ही, त्यांतच हॉलमधल्या मशिनींची पण. नंतर कुणीतरी त्यांना रीत समजावली असेल. दुरुस्त करायच्या आत ते…”

साहेब चटकन खाली वाकले आणि कोपऱ्यातली कार्डं गोळा करून देऊ लागले.

गठ्ठा ठोकून सारखा केला. तिनं हिशेबाच्या मशीनच्या भोकात सुई घातली, उचलली, झटकली. आणि आयुष्यात पहिल्यांदा पडलेल्यांकडे न बघता तिनं सुईकडे बघितलं. पुष्कळशी पडली, थोडी लटकून राहिली. लटकलेली काढून सदरच्या हॉलच्या भोकात. एकही पडलं नाही, सारी तिथलीच होती. हाताच्या दांड्याच्या भोकात. विजेची तेवढी पडली. पासष्टच्या भोकात.

महादेवराव खुर्ची सोडून येऊन उभे राहिले होते. आज त्यांनी पाहुण्यांचं नाव काढलं नाही.

सुईवर एक कार्ड राहिलं होतं.

पुष्पलता ते बघत राहिली. साऱ्या कचेरीसाठी रोज सुई झटकायची, रोज ही कार्डं तिच्या पुढ्यात येऊन पडायची. टाइपरायटर मागवला तरी यायची, चंद्रपूर मागवलं तरी यायची. बिनबोलावता. आणि ती त्यांना मेले म्हणून खणात ढकलत होती. ज्या दिवशी खरंच बोलावलं, त्या दिवशी त्या मशीनचं कार्ड वर तिच्याच हातात लटकून राहिलं आणि ती खाली शोधत बसली. तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. पदर तोंडाला लावून ती वऱ्हांड्यात तशीच बसून राहिली. शिपाई पाणी घेऊन आला.

साहेबांनी अर्जावर स्वतः नंबर लिहिला आणि सही केली. “बाकीची पण उलटी वाचून भरतो मी,” ते म्हणाले. “ती कशाला भट्टीत जातील?”

शनिवारी ती वाडीला पोचली तेव्हा ट्रक दारात लागलेला होता आणि हमाल पेट्या चढवत होते. देवाजींनी अर्ज हातात घेतला, नंबर मोठ्यानं वाचला, आणि हमालांवर ओरडत आत धावले. चढवलेल्या दोन पेट्या खाली उतरवाव्या लागल्या. ड्रायव्हर कुरकुरला. “थांब गा जरा! घरचं माणूस हाय याच्यात,” देवाजी म्हणाले. त्यांनी पहारीनं फळ्या उचकटल्या. भुसा बाजूला सारला.

हिरवा रंग जागोजागी उडाला होता. दांड्याच्या मुठीवर धागा होता. लाल आता विटकरी झालेला, तेलकट, पण गच्च, आणि शेवटी ती गाठ. कुठल्या कुठल्या शाखांतून कुणाकुणाच्या हातांखालून ती मशीन जाऊन आली असेल, पण गाठ कुणालाही सोडवता आली नव्हती.

पुष्पलतानं मुठीवर हात ठेवला. धागा तळव्याला लागला. खिडकीत वेडेवाकडे आकडे अडकले होते. तिनं बाजूची खिटी ओढली, जोर लावला, आणि एकेक करत सगळे शून्य झाले. मग एक लावला. दांडा उलटा फिरवला. तो अर्ध्यात अडला. देवाजी म्हणाले, “जाऊ द्या बाई, गंजला असन. घरी तेल देजा.”

“थांबा भाऊ.”

तिनं दोन्ही हातांनी दांडा धरला आणि पुन्हा फिरवला. आत काहीतरी करकरलं. शून्य एकामागून एक पलटले, नऊ, नऊ, नऊ, शेवटच्या घरापर्यंत, आणि घंटी वाजली. आवाज बारीक होता, गंजका होता, ट्रकच्या इंजिनाखाली कुणाला ऐकूही गेला नसता.

“काय झालं वं बाई?” देवाजींनी घाबरून विचारलं, कारण ती डोळे पुसत हसत होती.

“काही नाही, भाऊ,” ती म्हणाली. “जन्मात पहिल्यांदा बोलावल्यावर आले.”